पावसाळा सोसणारी गिटार : घरी घडवायच्या इलेक्ट्रिक गिटारीसाठी लाकडाची निवड आणि तयारी

गोव्यात गिटार हे वाद्य परके राहिलेले नाही. तियात्राच्या रंगमंचापासून लग्नाच्या मांडवापर्यंत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापासून किनाऱ्यावरच्या मैफलीपर्यंत तिची संगत असते. अलीकडे मात्र गिटार केवळ वाजवण्यावर समाधान न मानता ती स्वतः घडवावी, असे वाटणारे हौशी वाढू लागले आहेत. इलेक्ट्रिक गिटारीचे बहुतेक भाग आज तयार मिळतात. नेक म्हणजे दांडी, खुंट्या, ब्रिज, पिकअप, तारा या सर्व वस्तू विकत आणता येतात. घरी करण्याजोगा आणि करताना खरा आनंद देणारा भाग उरतो तो धडाचा. पोकळ पेटी असलेल्या साध्या गिटारीपेक्षा हे काम सोपे आहे, कारण घन गिटारीचे धड म्हणजे मुळात एक नीट सुकवलेली, सपाट केलेली आणि आकारात कापलेली फळी असते.

सोपे असले तरी ते चुकते. आणि चुकते ते बहुधा करवत चालवताना नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, लाकूड निवडताना आणि सुकवताना. पावसाळ्यात घाईने जोडलेली फळी मार्चमध्ये सांध्यावर उघडते आणि कित्येक महिन्यांचे काम वाया जाते. आपल्या किनारी हवेचा विचार करून ही तयारी कशी करावी, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

थोडा इतिहास

इलेक्ट्रिक गिटारीच्या इतिहासात लाकडाची निवड अनेकदा सोयीने झालेली दिसते. १९४०च्या सुमारास अमेरिकेत लेस पॉल यांनी चार इंच जाडीच्या पाइनच्या चौरस तुकड्यावर तारा आणि पिकअप बसवून पाहिले. त्या वाद्याला पुढे ‘द लॉग’, म्हणजे ओंडका, हेच नाव पडले. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कारखान्याने १९५० साली घन धडाची गिटार बाजारात आणली. तिच्यासाठी अॅश हे लाकूड वापरले जाई आणि १९५६पासून अनेक गिटारींसाठी आल्डर वापरात आले. दोन्ही लाकडे तेथे मुबलक आणि आवाक्यातली होती. गिब्सन कंपनीच्या १९५२च्या लेस पॉल गिटारीत महोगनीच्या धडावर मेपलची जाड चकती चिकटवलेली होती. पुढे पूर आणि अॅशच्या झाडांना लागलेली कीड यांमुळे चांगल्या अॅशचा तुटवडा पडला, तेव्हा २०२० साली फेंडरनेही त्याचा वापर मोजक्या नमुन्यांपुरता मर्यादित केला.

हौशी कारागिरांना सर्वाधिक धीर देणारे उदाहरण मात्र ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांचे आहे. (याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले होते.) १९६३ साली, विद्यार्थिदशेत, चांगली गिटार परवडत नसल्याने मे आणि त्यांचे वडील हॅरॉल्ड यांनी घरीच गिटार करायला घेतली. दांडी शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरली आणि धडात एका जुन्या टेबलाचे ओकचे लाकूड वापरले. किड्यांनी पाडलेली छिद्रे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. त्या गिटारीने पुढे जगभरचे रंगमंच गाजवले. लाकूड उंची असण्यापेक्षा ते पूर्ण सुकलेले आणि स्थिर असणे महत्त्वाचे, हा तिचा धडा आहे.

लाकूड आणि नाद

कोणत्या लाकडाचा नाद गोड, हा प्रश्न गिटारवादकांमध्ये वर्षानुवर्षे चघळला जातो. साध्या गिटारीत तो रास्त आहे, कारण तेथे लाकडाची पातळ पाटी स्वतः कंप पावून हवा हलवते. घन इलेक्ट्रिक गिटारीत मात्र पिकअपमधील चुंबकाजवळ कंपणाऱ्या पोलादी तारेमुळे वीजसंकेत निर्माण होतो. पिकअप, त्याची तारेपासूनची उंची, ब्रिज, तारांची जाडी आणि अँप्लिफायर यांचा प्रभाव त्यात फार मोठा असतो आणि धडाच्या लाकडाचा वाटा त्या मानाने लहान. म्हणून नादाच्या मोहात परदेशी लाकडासाठी भरमसाट पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग लाकडाकडून अपेक्षा कोणत्या? ते हवामानाबरोबर वाकू नये. स्क्रू घट्ट धरून ठेवावेत, कारण सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४५ किलो वजनाइतका असतो. खांद्याला सोसेल इतकेच वजन असावे. हत्यारांना ते नीट दाद देणारे असावे आणि त्याला कीड लागू नये. या पाच कसोट्यांवर आपल्याकडची अनेक लाकडे उतरतात.

वजनाचा हिशेब

सुमारे ४०० मिलिमीटर लांब, ३३० मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर जाड अशा प्रचलित आकाराच्या धडाचे घनफळ, कमरेचा भाग आणि खाचा वजा जाता, जवळपास ४ लिटर भरते. त्यामुळे लाकडाचे एक लिटरचे वजन कळले की धडाचे वजन चौपटीने काढता येते. दर लिटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या लाकडाचे धड १.८ किलोचे होईल, ६५० ग्रॅम भरणाऱ्याचे २.६ किलोचे आणि ८५० ग्रॅम भरणाऱ्याचे ३.४ किलोचे. त्यावर दांडी आणि धातूचे भाग मिळून दीड किलोच्या आसपास भर पडते. संपूर्ण गिटार साडेतीन ते चार किलोंच्या आत राहिली तर दोन तास उभ्याने वाजवणे सुसह्य होते. वखारीत जाताना पट्टी आणि काटा सोबत न्यावा. तुकड्याची लांबी, रुंदी व जाडी सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात.

आपल्याकडची लाकडे

सागवान : सर्वांच्या परिचयाचे आणि स्थिरतेत अव्वल. वाळवी आणि ओल यांना ते दाद देत नाही. लिटरला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम वजन भरत असल्याने धड किंचित जड होते. मागच्या बाजूने पोटाशी उतार दिला किंवा आत पोकळ कप्पे ठेवले तर वजन कमी करता येते. त्यातील वाळूसारख्या कणांमुळे पटाशीची धार लवकर जाते आणि त्यातील तेलामुळे चिकटवताना विशेष काळजी लागते. कोवळ्या, लागवडीच्या सागात फिकट रंगाचे बाहेरचे लाकूड जास्त असते. ते टाळावे, कारण सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो.

फणस : अंगणातले झाड आणि वाद्यांशी जुने नाते असलेले लाकूड. दक्षिणेतील वीणा फणसाच्या लाकडातून कोरतात. ताजे असताना पिवळे दिसणारे हे लाकूड काळाबरोबर सोनेरी तपकिरी होते. सागापेक्षा ते सहसा थोडे हलके असते आणि त्याला झिलई छान येते. तंतू कधी उलटसुलट गुंफलेले असतात, म्हणून रंध्याचे पाते धारदार आणि काप पातळ ठेवावा.

तून : मिरजेच्या सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे हे आवडते लाकूड. तांबूस, सुवासिक आणि हलके, लिटरला ५०० ग्रॅमच्या आसपास. महोगनीच्याच कुळातले असल्याने रंगरूपही त्याच वळणाचे असते. पहिल्या गिटारीसाठी याहून सोयीचे लाकूड क्वचितच मिळेल. मात्र ते मऊ असल्याने नखाचाही ठसा उमटतो, म्हणून लेप टणक द्यावा.

शिवण : फिकट, हलके आणि सुकताना फार कमी आकसणारे. हत्यारांना मऊ लागते. दिसायला साधे असल्याने रंग देऊन झाकायच्या गिटारीला उत्तम.

आंबा : स्वस्त आणि सहज उपलब्ध. काही फळ्यांत काळ्या-तपकिरी रेषांची सुंदर नक्षी सापडते. पण हे लाकूड किडीला आणि बुरशीला लवकर बळी पडते. प्रक्रिया केलेले, पूर्ण सुकलेले असेल तरच घ्यावे.

महोगनी : आता आपल्याकडेही लागवडीची महोगनी मिळते. स्थिर, मध्यम वजनाची, कामाला सोपी. रंध्रे मोठी असल्याने ती भरून घ्यावी लागतात.

शिसव, ऐन आणि खैर ही लाकडे धडासाठी फार जड. शिसवीचा पातळ तुकडा फिंगरबोर्डासाठी राखून ठेवावा. माडाच्या खोडात बाहेरचा भाग कठीण आणि आतला भुसभुशीत असतो, तेव्हा त्याचे अखंड धड करण्याच्या फंदात पडू नये. रबराच्या लाकडाच्या जोडलेल्या फळ्या किडीवर प्रक्रिया केलेल्या असतील तर सरावासाठी ठीक. परदेशी मालाच्या पेटाऱ्यांतले पाइनही वापरता येते. मात्र त्यावरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घरात आणू नये.

जुन्या घराचे लाकूड

गोव्यात जुनी घरे पाडली जातात तेव्हा शे-सव्वाशे वर्षांचे वासे, तुळया आणि दारांच्या फळ्या जळाऊ लाकडाच्या भावाने निघून जातात. गिटार करू इच्छिणाऱ्याने या ढिगाऱ्याकडे जरूर पाहावे. कित्येक पावसाळे पाहिलेले हे लाकूड वळायचे तेवढे वळून गेलेले असते. शिवाय आजीच्या घराच्या दारातून घडलेली गिटार हातात घेण्याचे मोल वेगळेच.

तरीही खबरदारी हवी. प्रथम प्रबळ चुंबक फिरवून खिळे शोधावेत, कारण एक लपलेला खिळा राउटरचे पाते मोडून डोळ्यावर उडवू शकतो. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. असा थर कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा आणि मुले जवळ नसताना हे काम करावे. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजावे आणि तो तुकडा नाकारावा. छिद्रे जुनी, कोरडी आणि थोडी असतील तर ती बुजवता येतात. शेवटी फळी एका टोकाला दोन बोटांत धरून दुसऱ्या हाताच्या पेराने वाजवावी. खणखणीत ध्वनी आला तर ती बहुधा निर्दोष. बद्द आवाज आला तर आत भेग किंवा ओल असण्याची शक्यता.

परवानगीचा प्रश्न

अंगणातला फणस आपला असला तरी तो तोडण्याचा निर्णय केवळ आपला नसतो. ‘गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४’ नुसार झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक आहे. एका गिटारीला जेमतेम दोन हात फळी लागते, तिच्यासाठी उभे झाड पाडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. वादळात पडलेले झाड, सुताराकडचे उरलेले तुकडे, जुन्या फर्निचरच्या फळ्या यांतून गरज भागते. वखारीतून घेतल्यास पावती जपून ठेवावी. शिसव वापरून परदेशी विक्रीचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंध आधी तपासावेत.

ओलावा : खरी परीक्षा

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकडातील ओलावा कालांतराने १८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ६५ टक्के आर्द्रतेत तो सुमारे १२ आणि वातानुकूलित खोलीतील ५० टक्क्यांत सुमारे ९ होतो. आपल्या किनाऱ्यावर एकच फळी वर्षभरात या टप्प्यांतून वर-खाली होत असते.

याचा परिणाम मिलिमीटरमध्ये पाहावा. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत सागाची आडव्या कापाची फळी रुंदीत पाच टक्क्यांहून किंचित जास्त आकसते आणि उभ्या कापाची सुमारे अडीच टक्के. यावरून हिशेब केला तर १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येताना ३३० मिलिमीटर रुंदीची आडव्या कापाची फळी जवळपास साडेतीन मिलिमीटरने अरुंद होते. उभ्या कापाची त्याच्या निम्म्याने. दांडीची खाच घट्ट बसवण्यासाठी आपण अर्ध्या मिलिमीटरचीही चूक सहन करत नाही, हे ध्यानात घेतले की सुकवणीचे महत्त्व कळते.

ओलावा मोजण्याचे यंत्र मिळाले तर उत्तम, नाहीतर स्वयंपाकघरातला काटा पुरतो. त्याच फळीचा छोटा तुकडा कापून वजन करावे. १०३ अंश सेल्सियसच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवून, वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवावा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की टक्केवारी मिळते. ६० ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर थांबला तर ओलावा २० टक्के, म्हणजे लाकूड अजून कामाचे नाही. १० ते १२ टक्क्यांवर काम सुरू करावे.

सुकवताना फळीची दोन्ही टोके मेण किंवा तैलरंगाने बंद करावीत. पाणी टोकांतून फार वेगाने निसटते आणि तेथेच भेगा पडतात. फळ्यांच्या थरांमध्ये २० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, एकीवर एक नेमक्या रेषेत, हातभर अंतराने ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळेल. जागा छपराखालची, सावलीची आणि जमिनीपासून उंच असावी. ऊन दाखवून घाई केली तर फळी वळते. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. परंतु अंतिम निर्णय काट्याचा. प्रत्येक फळीवर तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहावे. कोरड्या ऋतूत दोन-तीन आठवडे वजन हलले नाही की फळी तयार झाली.

यावरून कामाचे वेळापत्रकही ठरते. लाकूड केव्हाही जमवावे. जोडणी, कापणी आणि लेप ही कामे मात्र जानेवारी ते एप्रिल या काळात उरकावीत.

काप, सपाटी आणि सांधा

फळीच्या टोकाकडे पाहिले की वार्षिक वलयांच्या रेषा दिसतात. त्या पृष्ठभागाला उभ्या छेदत असतील तर फळी स्थिर राहते. आडव्या कमानीसारख्या असतील तर ती पन्हळीसारखी वाकण्याचा संभव असतो. ओंडक्याचा अगदी मधला बिंदू असलेली फळी भेगाळते, ती घेऊ नये. गाठी टाळाव्यात, निदान दांडीची खाच, ब्रिज आणि पट्ट्याच्या खुंटीच्या जागी तरी गाठ नसावी.

साडेतीनशे मिलिमीटर रुंद अखंड फळी मिळणे कठीण. म्हणून ४६० मिलिमीटर लांब, १८० रुंद आणि ५० जाड असे दोन तुकडे जोडावेत. चांगला दोन तुकड्यांचा सांधा अखंड फळीहून दुबळा नसतो. दोन्ही तुकडे एकाच फळीचे असावेत आणि तंतूंची दिशा एकच ठेवावी, म्हणजे पुढे रंधा मारताना एका बाजूचे तंतू उचकटणार नाहीत.

प्रथम एक बाजू सपाट करावी. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीवरून दुसरीकडे नजर लावली की पीळ लगेच दिसतो. मग कडा गुण्यात आणाव्यात. दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून दिव्यासमोर धराव्यात. फटीतून उजेड दिसता कामा नये. शिकंजाच्या जोरावर फट मिटवण्याचा मोह आवरावा, कारण लाकूड ती ओढ विसरत नाही.

सुतारी पांढरा गोंद दोन्ही कडांना पातळ आणि सलग लावावा. शिकंजे आळीपाळीने वरून आणि खालून लावावेत, म्हणजे फळी कमानीसारखी वाकत नाही. सांध्यातून गोंदाचे बारीक थेंब सर्वत्र सारखे बाहेर आले तर दाब योग्य आहे. चोवीस तास हात लावू नये. सागाच्या कडा ताज्या रंधून, अॅसिटोनने पुसून, तेल पुन्हा वर येण्यापूर्वीच चिकटवाव्यात.

येथे आणखी एक थांबा आहे आणि तो बहुतेक जण गाळतात. गोंदातील पाण्याने सांध्याजवळचे लाकूड फुगलेले असते. त्याच दिवशी रंधून सपाट केले तर ते सुकल्यावर सांध्याच्या जागी बारीक खोलगट रेषा उमटते. आठवडाभर फळी उभी ठेवून मगच ४५ मिलिमीटर जाडीवर आणावी.

आकार आणि खाचा

धडाचा साचा आधी प्लायवुडमध्ये करावा. चूक झाली तर प्लायवुड वाया जाईल, वर्षभर सुकवलेली फळी नव्हे. साच्यावर मध्यरेषा ठळक आखावी. दांडी, पिकअप आणि ब्रिज यांची जागा तिच्यावरूनच ठरते. बाहेरचा आकार रेषेपासून दोन मिलिमीटर बाहेर कापून मग साच्याच्या आधारे राउटरने साफ करावा. खाचांमधले बरेचसे लाकूड गिरमिटाने आधी काढून टाकावे आणि राउटर दर वेळी तीन-चार मिलिमीटरच उतरवावा. दांडीची खाच सर्वसाधारणपणे ५६ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर खोल असते, परंतु छापील मापावर न विसंबता हातातली दांडी मोजूनच ती करावी. दांडी खाचेत बसवून धड उचलले असता ती स्क्रूशिवायही न निसटावी, इतकी घट्ट बैठक असावी. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडावे आणि स्क्रूला मेण लावावे, म्हणजे सागासारख्या लाकडात तो तुटत नाही.

लाकडाची भुकटी कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. साग आणि शिसव यांच्या भुकटीने अनेकांना त्वचेचा व श्वसनाचा त्रासही होतो. चांगल्या प्रतीचा मुखपट्टा, चष्मा आणि मोकळी हवा यांना पर्याय नाही. नाकावर रुमाल बांधणे पुरेसे नव्हे.

घासणी आणि लेप

काचकागद ८० पासून सुरू करून १२०, १८० आणि २४० अशा क्रमाने, तंतूंच्या दिशेने फिरवावा. मधला क्रमांक गाळला तर आधीचे ओरखडे लेपाखाली उठून दिसतात. शेवटी ओलसर फडक्याने पुसून उभारलेले तंतू सुकल्यावर पुन्हा हलकेच घासावेत.

लेप म्हणून चपडा लाख आणि स्पिरिट यांचे पारंपरिक पॉलिश सुंदर दिसते आणि घरी करणे सोपे आहे. मात्र घामाने आणि ओलीने ते पांढुरके पडते. आपल्या हवेत पॉलियुरेथेनसारखा टणक लेप अधिक टिकतो. लेप कोणताही असो, दमट दिवशी देऊ नये, कारण त्याखाली पांढरट धुके अडकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धड सर्व बाजूंनी सारखेच बंद करावे. पुढे चार थर आणि मागे एक दिला, खाचा व स्क्रूची छिद्रे उघडीच ठेवली, तर ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर करतो आणि धड वाकते. कोणाला न दिसणाऱ्या त्या खाचांमध्ये दिलेला लेपच पुढच्या पावसाळ्यात गिटार वाचवतो.

तारा चढवल्यावर पहिले वर्ष हे निरीक्षणाचे. जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीत सांध्यावरून बोट फिरवून पाहावे. तीनही वेळा तो हाताला लागला नाही, तर काम साधले. उरलेला तुकडा मात्र फेकू नये. त्यावर तारीख आणि वजन लिहून तो माळ्यावर ठेवावा. दुसरी गिटार करायची वेळ येईल, तेव्हा तो पहिल्याहून अधिक सुकलेला असेल.